नारू गेला, पण धडा विसरू नका

गेल्या पावसाळ्यात सेनगाव तालुक्यातील एक आजी नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. उलट्या-जुलाबांनी पोराचे डोळे खोल गेले होते. सलाईन लावल्यावर तो सावरला. तेवढ्यात आजींच्या घोट्याजवळचा जुना वण मला दिसला. "नारूचा हाय, डॉक्टरसाहेब. लहानपणी बारवेत उतरून पाणी भरायचो," त्या म्हणाल्या.

आजच्या तरुणांना नारू ठाऊक नाही. पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या अतिसूक्ष्म जिवातून या कृमीच्या अळ्या पोटात जातात. सुमारे वर्षभराने हातभर, कधी त्याहूनही लांब, दोऱ्यासारखी मादी बहुधा पायाच्या फोडातून बाहेर येते. आग शमवण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवतो आणि त्याच पाण्यात नव्या अळ्या सुटतात. यावर औषध नाही, लसही नाही. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून तो काढावा लागतो.

औषध नसतानाही आपल्या देशाने नारू घालवला. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, हातपंप बसवले, पाणी फडक्याने गाळण्यास शिकवले, घरोघर रोगी शोधले. शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

आफ्रिकेत हेच काम गावोगावचे स्वयंसेवक करीत आले आहेत. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने १९८६ पासून त्यांना साथ दिली. गावातलीच माणसे गाळणीची फडकी वाटतात आणि रोग्याला तळ्यात उतरू देत नाहीत. १९८६ मध्ये जगात नारूचे अंदाजे ३५ लाख रोगी होते. २०२३ मध्ये ते अवघे १४ उरले.

मग आजींचा नातू आजारी का पडला? आजी म्हणाल्या, "पाणी तर गाळूनच देते." येथेच गैरसमज आहे. फडक्याने सायक्लॉप्स अडतो. पण पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू त्यातून सहज पार होतात. त्यासाठी पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीन टाकावे.

प्रत्येक गावात दोन-चार तरुणांनी जलसुरक्षकाच्या मदतीला उभे राहावे. विहिरीत किंवा टाकीत हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम ताजी टीसीएल पावडर लागते. ती आधी बादलीत कालवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे. तासाभराने ओटी चाचणी घ्यावी. पाण्याला पिवळसर रंग आला म्हणजे क्लोरीन आहे असे समजावे. शेवटच्या घराच्या नळालाही ही चाचणी करावी, कारण गटारातून गेलेली फुटकी पाइपलाइन सगळे काम वाया घालवते. घरात पाणी झाकून ठेवावे व दांडीच्या ओगराळ्याने घ्यावे, हात बुडवू नये.

जुलाब सुरू होताच ओआरएस पाजावे. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आजींच्या पिढीने नारू सोसला. नातवांच्या पिढीला निदान जुलाबाने तरी दवाखान्यात यावे लागू नये. त्यासाठी आठवड्यातला एक तास गावाच्या विहिरीला द्या.