आरोग्य-पाठ : रिपोर्टवरची 'ग्रेड' म्हणजे काय?



कासार आंबोलीचे आपले एक सभासद ऐन हंगामात आमच्याकडे एक रिपोर्ट घेऊन आले. गालाच्या आतल्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासलेला. निदान तोंडाच्या कर्करोगाचे आणि खाली 'ग्रेड २'. "म्हणजे दुसऱ्या पायरीला गेलाच म्हणायचा! आता एवढा ऊस जाऊ द्या, मग बघू," ते म्हणाले. या बोलण्यात दोन चुका होत्या. त्या दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नयेत म्हणून हा पाठ.

वावरात तण दिसले की आपण दोन गोष्टी पाहतो. तण साधे आहे की हराळीसारखे चिवट, ही एक. आणि त्याने किती वावर धरले, ही दुसरी. कर्करोगात पहिल्या गोष्टीला ग्रेड म्हणतात, दुसरीला स्टेज. दोन्ही एक नव्हेत.

ग्रेड : ही सूक्ष्मदर्शकाखाली ठरते. रोगी पेशी तोंडाच्या निरोगी अस्तराशी बऱ्याच मिळत्याजुळत्या असतील तर ग्रेड १, ओळख काहीशी पुसली असेल तर २, ओळखच उरली नसेल तर ३. अमेरिकेतील डॉ. ब्रॉडर्स यांनी १९२० साली ओठाच्या कर्करोगाची अशी प्रतवारी मांडली. ग्रेड ३ चा रोग जास्त उग्र असतो. पण एका कांडीच्या रसावरून सगळ्या फडाचा उतारा सांगता येत नाही, तसेच छोट्या तुकड्यावर ठरलेली ग्रेड पूर्ण गाठ तपासल्यावर बदलू शकते.

स्टेज : येथे गाठीचा आकार, ती किती खोल गेली आणि मानेतल्या गाठींत रोग उतरला का, हे पाहतात. गाठ २ सें.मी. पर्यंत, खोली ५ मि.मी. पर्यंत आणि मान मोकळी, तर स्टेज १. मानेतल्या एका लहान गाठीत जरी रोग उतरला, तरी स्टेज ३ होते आणि जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. स्टेज ठरवताना ग्रेड मोजतच नाहीत. म्हणून 'ग्रेड २' चा रोगी स्टेज १ मध्येही असू शकतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने रोग लहान असलेल्या व मानेत गाठ हाताला न लागणाऱ्या ५०० रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. तोंडाबरोबरच मानेचीही शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. वाट पाहण्याची किंमत ही अशी असते.

शरद पवार यांच्यावर २००४ साली याच रोगासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरची त्यांची वाटचाल सर्वांनी पाहिली. आर. आर. पाटील मात्र २०१५ साली याच रोगाने गेले. रोगाचे नाव एक म्हणून सर्वांचे पुढचे एक नसते. ग्रेड आपल्या हातात नाही. लवकर जाणे मात्र आहे.

एवढे लक्षात ठेवा :

१. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, तोंडात तीन बोटे न जाणे, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून फसू नका.

२. तंबाखू, गुटखा, सुपारी सोडा. मिशरीही तंबाखूच आहे, हे घरातल्या बायामाणसांना सांगा.

३. रिपोर्ट हाती आल्यावर "ग्रेड किती?" एवढेच विचारून थांबू नका, "स्टेज कोणती आणि मानेचे काय?" हेही विचारा.

४. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. पैशापायी घरी बसू नका.

त्या सभासदांचा ऊस शेवटी भावकीने उभे राहून तोडून घातला आणि ते आधी पुण्याला दवाखान्यात गेले. ऊस चार दिवस मागेपुढे झाला तर उतारा थोडा कमी पडेल. रोग मात्र टोळीची वाट पाहत नाही.