आधी कोणाकडे जायचे?



पावसाळा जवळ आला की स्वयंसेवकांच्या बैठकीत दोरखंड, बॅटऱ्या आणि ताडपत्र्यांची यादी होते. या अंकाच्या पाठात वेगळ्या तयारीचा विचार करू. समोर दहा जखमी आहेत आणि मदतीला फक्त दोघे जण. आधी कोणाकडे जायचे?

या निवडीला वैद्यकीय भाषेत ट्रायज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. अर्थ निवडून वेगळे करणे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक लारे याने जखमीचा हुद्दा न पाहता जखम पाहण्याचा दंडक घातला. आपल्याकडे हुद्द्याची जागा ओळखीने घेतली आहे. गाडी आली की ओळखीचा माणूस आधी बसतो, आणि झाडाखाली गप्प पडलेली कातकरी बाई मागे राहते. म्हणून पहिली गोष्ट पक्की करा: जो मोठ्याने ओरडतो त्याचा श्वास चालू आहे. गप्प असलेल्याकडे आधी पाहा.

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथील अग्निशमन दल आणि एका रुग्णालयाने मिळून ‘स्टार्ट’ ही पद्धत बसवली. ती डॉक्टर नसलेल्यालाही जमते आणि एका माणसाला मिनिटभरही लागत नाही. आधी हाक द्यायची: ज्यांना चालता येते त्यांनी त्या झाडापाशी जा. जे गेले ते हिरवे; त्यांना थांबता येते. उरलेल्यांत श्वास पाहायचा. श्वास नसेल तर हनुवटी वर करून श्वासमार्ग मोकळा करायचा. तेवढ्याने श्वास सुरू झाला तर तो लाल. मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास, मनगटाची नाडी न लागणे, किंवा “माझा हात दाबा” म्हटल्यावर न कळणे, यांतले एक जरी असले तरी लाल. यांपैकी काही नाही पण चालता येत नाही, तो पिवळा. मोठा रक्तस्राव दिसला तर तिथेच कापड दाबून धरायचे, आणि ते काम एखाद्या हिरव्याला सोपवून पुढे जायचे.

श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, त्याला काळी पट्टी. लहान मुलाची मात्र नाडी लागत असेल तर त्याला आधी पाच श्वास देऊन पाहतात.

इथे बहुतेकांचे मन अडते. एरवी एकटा माणूस असा पडला असता तर आपण त्याची छाती दाबत राहिलो असतो. मंडळीत हा भाग शिकवताना हमखास हरवलेल्या मेंढराचा दाखला पुढे येतो: मेंढपाळाने एकासाठी नव्व्याण्णव सोडली ना? सोडली, पण ती नव्व्याण्णव रक्तबंबाळ नव्हती. एकापाशी वीस मिनिटे बसलो तर तेवढ्या वेळात वाचू शकणारे दोघे जातील. शिवाय काळी पट्टी म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. मृत्यू डॉक्टरच जाहीर करतात. हात मोकळे होताच पुन्हा फेरी मारायची आणि सर्वांना पुन्हा तपासायचे.

एक अपवाद आपल्या भागासाठी फार मोलाचा आहे. शेतात वीज पडून एकाच वेळी अनेक जण कोसळले तर क्रम उलटा लागतो. जे मेल्यासारखे दिसतात त्यांच्याकडे आधी. विजेने थांबलेले हृदय पुष्कळदा स्वतः सुरू होते, पण श्वास उशिरा परततो. मधल्या वेळेत तोंडाने श्वास दिला आणि छाती दाबली तर माणूस वाचू शकतो. त्याला हात लावल्याने झटका बसत नाही, ही समजूत पाड्यापाड्यांवर सांगायला हवी.

आता आपल्या परिसराकडे पाहू. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. सुमारे १०५० प्रवासी बाहेर काढले गेले, सर्व सुखरूप. ट्रायजच्या भाषेत जवळजवळ सगळे हिरवे. पण त्यांत नऊ गर्भवती होत्या, म्हणून पाठवलेल्या ३७ डॉक्टरांच्या पथकात स्त्रीरोगतज्ज्ञही होते. निवड फक्त जखमांची नसते, एवढे यातून घ्यावे.

इर्शाळवाडीची गोष्ट वेगळी. १९ जुलै २०२३ च्या रात्री ठाकर वस्तीवर दरड आली. वर रस्ता नाही, यंत्रे चढली नाहीत. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. मदतीला धावणाऱ्याने आधी स्वतःचा दम आणि पायाखालची जमीन पाहावी, हे मी तरुण संघाला कितीदा सांगते, तरी पहिल्या हाकेला सगळे पळत सुटतात.

शहरात धोका स्लॅबचा. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. तासाहून अधिक काळ पाय दबलेला माणूस बोलतो, पाणी मागतो, पिवळा वाटतो. दगड उचलताच चिरडलेल्या स्नायूंतील पोटॅशियम रक्तात येते आणि हृदय थांबू शकते. अशा वेळी डॉक्टर सलाईन लावेपर्यंत ओढाओढ करू नये.

रवानगीतही निवड लागते. किरकोळ जखमी रिक्षाने सर्वांआधी पोहोचतात आणि जवळच्या रुग्णालयातील खाटा भरून टाकतात. मग झोळीतून खाली आणलेला लाल पट्टीचा माणूस दारात थांबतो. हिरव्यांना बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा अंबरनाथच्या छाया रुग्णालयात वळवले, तर उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय गंभीर जखमींसाठी मोकळे राहते. १०८ ला फोन करताना “खूप लोक जखमी” असे सांगू नका. “लाल तीन, पिवळे चार, हिरवे अकरा” असे सांगा.

पुढील बैठकीला प्रत्येकाने जुन्या साडीच्या किंवा चादरीच्या चार रंगांच्या पट्ट्या, प्रत्येक रंगाच्या दहा, फाडून आणाव्यात. शिट्टी आणि पावसात न पुसणारा मार्कर आम्ही देऊ.