ऑक्टेनचा आकडा आणि मोगराळे घाट



ओरलला मी एक प्रश्न हमखास विचारतो, "जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने गाडीची पॉवर वाढते का?" बहुतेक जण "हो सर" म्हणून मोकळे होतात. रागवायचा मला अधिकार नाही. याच विषयात मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय आणि त्याची किंमत माझ्या रूम पार्टनरने मोजलीय.

२०१९ चा एप्रिल. मी टी.ई.ला होतो. पार्टनरच्या वडिलांनी उसाच्या बिलातून त्याला १५० सीसीची सेकंडहँड स्पोर्ट बाईक घेऊन दिली होती. एका रविवारी आम्ही दोघं डबलसीट दहिवडीकडे निघालो. ऊन चाळिशीला टेकलेलं. मोगराळे घाटात चढाला गाडी पाचव्या गिअरमध्येच, थ्रॉटल मात्र पूर्ण पिळलेला. इंजिनमधून आवाज यायला लागला, टिक् टिक् टिक्, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. खाली आल्यावर मेकॅनिक म्हणाला, "टॅपेट वाजतंय." टॅपेट सेट केलं. आवाज तसाच. पुन्हा सेट केलं, तरी तसाच.

पार्टनरने मला विचारलं, "लेका, पेट्रोलचा तर घोळ नसेल?" मी मेकॅनिकलचा, आय.सी. इंजिन नुकतंच पाठ केलेला. ऐटीत सांगितलं, "मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलंय, पंपावर ९१ च मिळतं. विषय संपला." महिन्याभरात गाडीने धूर सोडला. हेड काढलं तर पिस्टनची कड वाळवी लागल्यासारखी खाल्लेली.

ऑक्टेन म्हणजे नक्की काय?

सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की ज्वाला एका बाजूने दुसरीकडे पसरत जाते. तिच्या पुढ्यात अजून न जळलेलं मिश्रण असतं. ते दाबलं जातं, तापतं, आणि ज्वाला पोचायच्या आत स्वतःहून एकदम पेटतं. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. दाबाच्या लाटा पिस्टन-हेडवर आदळतात आणि धातूचं संरक्षण करणारा वायूचा पातळ थर फाटतो. मग पिस्टनची कड वितळते.

हे सहन करायची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन नंबर. आयसोऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० मानतात. ९१ म्हणजे ते पेट्रोल ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकंच नॉकला टिकतं. म्हणजे ऑक्टेन ही ताकद नव्हे, सहनशक्ती आहे.

आपल्या पंपावरचा आकडा हा रिसर्च ऑक्टेन नंबर, म्हणजे रॉन. अमेरिकेत पंपावर रिसर्च आणि मोटर या दोन्ही नंबरांची सरासरी लिहितात. त्यामुळे तिथलं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१. परदेशी व्हिडिओ बघून आकडे जुळवू नका, फसाल.

मग पॉवर येते कुठून?

कॉम्प्रेशन रेशोमधून. ऑटो सायकलचं सूत्र आठवा. गॅमा १.४ धरला तर रेशो ८.५ असताना आदर्श कार्यक्षमता ५७.५ टक्के येते, ११.६ असताना ६२.५ टक्के. पण हे फुकट मिळत नाही. चाळीस अंशाची हवा आत घेतली तर ८.५ रेशोला कॉम्प्रेशनच्या शेवटी तिचं तापमान सूत्राने ४६४ अंश येतं, ११.६ ला ५६१ अंश. प्रत्यक्षात ते कमी असतं, पण फरकाचा अंदाज येतो. म्हणून जास्त रेशोच्या इंजिनाला जास्त ऑक्टेन लागतं. जुन्या यूसीई बुलेटचा रेशो ८.५, आताच्या क्लासिक ३५० चा ९.५, २००८ च्या पहिल्या आर-१५ चा १०.४, आताच्या आर-१५ चा ११.६ आणि हायाबुसाचा १२.५.

उलट, कमी रेशोच्या गाडीत १०० ऑक्टेन ओतलं तर? काहीही होत नाही, फक्त खिसा हलका होतो. नॉकच नाही तिथे नॉक कोण थांबवणार? नॉक सेन्सर असलेलं इंजिन टायमिंग थोडं पुढे घेऊन फायदा उचलू शकतं, पण आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारसायकलींत तो नसतो.

माझं चुकलं कुठे?

हेड उघडल्यावर कळलं. आधीच्या मालकाने "पिकअप"साठी हेड घासून घेतलं होतं, वर पॅकिंगही पातळ टाकलं होतं. सगळं मिळून साधारण अर्धा मिलिमीटर. त्या रात्री मेसच्या टेबलावर मी हिशोब केला. १५० सीसी, रेशो १०.४, म्हणजे क्लिअरन्स व्हॉल्यूम १५० भागिले ९.४, जवळपास १६ सीसी. बोअर ५७ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने सुमारे १.३ सीसी गेले. उरले १४.७. नवा रेशो ११.२! टायमिंग मात्र जुन्याच रेशोचं. त्यात ऊन, डबलसीट, चढ आणि पाचवा गिअर. मॅन्युअलमधलं ९१ बरोबर होतं, पण ते कंपनीने बनवलेल्या इंजिनासाठी. आमच्या हातात होतं ते इंजिन वेगळंच होतं. मी पुस्तक वाचलं, गाडी नाही वाचली.

पिस्टन, रिंगा, बोअर मिळून सात हजार गेले. पार्टनरने ते घरी न सांगता दोन महिने एकवेळ मेस लावून फेडले. मला एका शब्दाने बोलला नाही, हेच जास्त लागलं. जाड पॅकिंग टाकून रेशो पुन्हा जागेवर आणला आणि आवाज कायमचा गेला.

आज परिस्थिती काय?

आता पंपावर ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलचा रॉन १०८ च्या आसपास, शिवाय बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, म्हणून मिश्रण थंड राहतं. साधं पेट्रोल त्यामुळे ९१ वरून ९५ रॉनवर गेल्याचं केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. फलटणकरांना इथेनॉल नवीन नाही. आपल्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे 'नारी'त, गोड ज्वारीपासून इथेनॉल आणि त्यावर चालणारे कंदील, स्टोव्ह यांवर काही दशकांपूर्वीच काम झालंय.

पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-१० वर जुळवलेल्या दुचाकींना ई-२० वर मायलेजमध्ये ३ ते ४ टक्के घट सांगितलीय. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होतं, रबराचे पाइप, सील खराब होऊ शकतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं.

तेव्हा लक्षात ठेवा:

१. आधी मॅन्युअल बघा. त्यातला आकडा किमान असतो. तो भागला की वर खर्च नको. ई-२० चालतं का, तेही तिथेच बघा.

२. सेकंडहँड गाडी घेताना हेड, पॅकिंग, टायमिंगला हात लागलाय का ते विचारा. लागला असेल तर मॅन्युअलवर विसंबू नका.

३. पंपावर नाव नको, आकडा बघा. प्रत्येक "प्रीमियम" पेट्रोल जास्त ऑक्टेनचं असेलच असं नाही. काहींत भर साफसफाईच्या ॲडिटिव्हवर असतो. इंडियन ऑइलच्या एक्सपी-९५, एक्सपी-१०० मध्ये आकडा नावातच आहे.

४. चढाला टिक्-टिक् आली तर थ्रॉटल सोडा, एक गिअर खाली घ्या. मग प्लगची रेंज, कार्बन, कूलंट, टायमिंग तपासा. आवाज टॅपेटचा असेल तर तो न्यूट्रलमध्येही येतो; नॉक मात्र लोडवर येतो.

५. पावसाळ्यात गाडी हॉस्टेलच्या शेडमध्ये महिनाभर लावून जाणार असाल तर टाकी भरून, झाकण घट्ट लावून जा.

पार्टनर आता पुण्यात नोकरीला आहे. गाडी तीच आहे. मागच्या दिवाळीत आम्ही पुन्हा मोगराळे घाट चढलो. चढ सुरू झाला तसा त्याने तिसरा टाकला आणि हसून म्हणाला, "सर, ऐका, काही वाजतंय का?"

नव्हतं वाजत.