मीठ लागल्यावर यीस्ट काय करते?

प्रश्न : घरी पाव करताना मीठ यीस्टवर थेट पडू देऊ नका, यीस्ट मरते, असे सगळेच सांगतात. पण तेच मीठ शेवटी त्याच पिठात मिसळायचे असते! मग यीस्ट तिथे जगते कसे?

उत्तर : शंका रास्त आहे. आधी हिशेब करू. अर्धा किलो मैद्याला साधारण १० ग्रॅम मीठ आणि सव्वातीनशे मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे पिठातल्या पाण्यात मीठ झाले सुमारे ३ टक्के. समुद्राच्या पाण्यात ते साडेतीन टक्के असते. यीस्टला मिठाचा धक्का देऊन पाहणारे संशोधक बरेचदा जे द्रावण वापरतात, ते याहून थोडे सौम्यच असते. तरीही तुमचे पीठ फुगते, त्याअर्थी यीस्टकडे काही तजवीज आहे.

बाहेर मीठ वाढले की पेशीतले पाणी काही सेकंदांत निघून जाते आणि पेशी आक्रसते. ते परत यायचे तर आत काहीतरी विरघळलेले साठवायला हवे. यीस्ट त्यासाठी ग्लिसरॉल तयार करते, आणि ते बाहेर झिरपू नये म्हणून पेशीपटलातली त्याची वाटही बंद करते. या सगळ्याचा कारभारी हॉग-१ नावाचे प्रथिन. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये त्याची भूमिका उजेडात आणली. हे प्रथिन नसलेले यीस्ट एरवी छान वाढते, खारट माध्यमात मात्र त्याची वाढ खुंटते.

मीठ आले हे हॉग-१ला कळते कसे, हा भाग मला सर्वांत मजेशीर वाटतो. पेशीपटलात स्लन-१ नावाचे एक प्रथिन असते. मीठ लागले की ते कामाला लागत असेल, असा आपला अंदाज असतो. घडते नेमके उलटे. सगळे आलबेल असते तेव्हाच स्लन-१ राबत असते. ते स्वतःवर फॉस्फेटचा गट चढवते, तो वायपीडी-१ या मध्यस्थाकडे देते आणि तिथून तो एसएसके-१वर जातो. फॉस्फेट अंगावर असेपर्यंत एसएसके-१ गप्प राहते. पेशी आक्रसली की स्लन-१चे काम थांबते, एसएसके-१वरचे फॉस्फेट उतरते आणि ते पुढच्या प्रथिनांना जागे करते. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे करत निरोप हॉग-१पर्यंत पोचतो. काही मिनिटांतच हॉग-१ पेशीकेंद्रकात शिरून ग्लिसरॉल बनवणारी जनुके चालू करते. रात्री गल्लीत गुरख्याची शिट्टी ऐकू येत असते तोवर लोक निवांत झोपतात. ती थांबली की दचकून उठतात, तसेच हे. (शो-१ नावाचे आणखी एक प्रथिन वेगळ्या वाटेने हाच निरोप पोचवते. त्याच्या तपशिलात आज शिरत नाही.)

मग स्लन-१चे जनुकच काढून टाकले तर? सावधगिरी वाढेल, यीस्ट आणखी चिवट होईल, असे वाटते खरे. प्रत्यक्षात ते मरते, तेही मिठाचा कणही नसताना. हॉग-१ कायम चालू राहिल्यामुळे पेशीचा जीव जातो. पुरावा असा, की स्लन-१बरोबर हॉग-१ही काढून टाकले की यीस्ट जगते. एसएसके-१च्या उलट, हॉग-१ फॉस्फेट चढल्यावर चालू होते; ते फॉस्फेट उतरवणारे पीटीपी-२ हे प्रथिन जादा प्रमाणात दिले, तरीही यीस्ट वाचते. तेव्हा संकटाची यंत्रणा बंद करणे यीस्टला ती चालू करण्याइतकेच जपावे लागते. एरवी ग्लिसरॉल पुरेसे साठले, पाणी आत आले, पेशी फुगली की स्लन-१ पुन्हा कामाला लागते. पीटीपी-२सारखी प्रथिने उरलेले आवरते घेतात. बेताचे मीठ असेल तर अर्ध्या तासाच्या आसपास हॉग-१ पेशीकेंद्रकातून बाहेर आलेले असते. बाहेरचे मीठ तेवढेच असते, तरीही!

आपल्या पेशींतही हॉग-१चा भाऊबंद आहे, पी-३८ नावाचा. दाह आणि ताण यांच्या अभ्यासात त्याचे नाव सतत येते.

आता तुमच्या पावाकडे. धक्का बसला की यीस्ट विभाजन काही काळ थांबवते. शिवाय ग्लिसरॉल साखरेपासूनच बनते, आणि साखरेचा जो हिस्सा त्या वाटेला जातो त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटत नाही. म्हणून मीठ जास्त झाले की पीठ फुगायला वेळ लागतो. कोरडे यीस्ट भिजत असताना त्याचे पेशीपटल अजून सावरलेले नसते, त्यामुळे त्याच पाण्यात मीठ घालू नये. ओल्या यीस्टवर मिठाचा ढीग बराच वेळ ठेवणेही वाईट, कारण तिथे ३ टक्क्यांचा हिशेब लागू होत नाही. पण कोरड्या मैद्यात दोन्ही घालून लगेच हात फिरवलात तर काही बिघडत नाही. गोड पावाला मात्र जपा. भरपूर साखरही मिठासारखीच पाणी ओढून घेते, म्हणून त्यासाठी जास्त साखर सोसणारे यीस्ट वेगळे मिळते.