मूळ गाणं कुठे जातं?

प्रश्न : जॅझमधले पियानोवादक जुनी लोकप्रिय गाणी एकट्याने वाजवतात आणि त्या गाण्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात, असं वाचलं. बिली हॉलिडेच्या आवाजातलं ‘बॉडी अँड सोल’ मला आवडतं. म्हणून थेलोनियस मंकने एकट्याने वाजवलेलं ऐकलं, तर गाणं ओळखायलाच वेळ लागला. काही ठिकाणी बोट चुकून शेजारच्या पट्टीवर पडल्यासारखं वाटलं. मग मूळ गाण्याचं उरतं काय? हे आपल्या बंदिशीसारखं असतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पुष्कळ उरतं. बंदिशीची आठवण तुम्हाला झाली ती योग्यच आहे, तिथूनच सुरुवात करू. ‘बॉडी अँड सोल’ची चाल जॉनी ग्रीनची, 1930 सालची. आठ-आठ बारचे चार तुकडे, प्रत्येक बार चार मात्रांचा. म्हणजे 128 मात्रांचं एक आवर्तन. पहिला, दुसरा आणि चौथा तुकडा एकाच चालीचा. तिसरा वेगळा, त्याला ब्रिज म्हणतात. आवर्तन संपलं की पुन्हा पहिल्यापासून. ख्यालात राग सांभाळायचा असतो, तसा इथे कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांचा, क्रम सांभाळायचा असतो. तो सांभाळला की चाल सोडली तरी गाणं सुटत नाही. कोलमन हॉकिन्सने 1939 मध्ये सॅक्सोफोनवर हेच गाणं वाजवताना सुरुवातीनंतर मूळ चाल जवळजवळ टाकूनच दिली, आणि ती रेकॉर्ड भरपूर खपली.

बँडमध्ये खर्ज बासवाला सांभाळतो, लय ड्रमवाला. एकट्या पियानोवादकाला हे सगळं दोन हातांत बसवावं लागतं. त्यासाठी हार्लेममधल्या वादकांनी डाव्या हाताची ‘स्ट्राइड’ पद्धत रुळवली : पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खर्जातला सूर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला उडी मारून मधल्या सप्तकातला कॉर्ड. काम दुप्पट झालं, पण मोकळीकही मिळाली. खाली दुसरं कुणी वाजवत नसल्यामुळे चालीखालचा खर्ज ऐन वेळी बदलता येतो.

म्हणजे नेमकं काय, ते घरी पेटी असेल तर करून पाहा. भाता दुसऱ्या कुणाला तरी मारायला सांगा. उजव्या हाताने मधल्या सप्तकातली पांढरी चार आणि पांढरी सात एकत्र धरा, डाव्या हाताने खर्जातली पांढरी पाच. आता कानाला पांढरी एकवर जाऊन थांबावंसं वाटेल. मग वरची बोटं तशीच ठेवून खालची पांढरी पाच सोडा आणि काळी एक धरा. वरचे दोन्ही सूर तेच, ओढही पांढरी एककडेच, पण सगळा रंग पालटतो. पाच सुटून काळी एक लागते तो क्षण मला अजूनही विलक्षण वाटतो.

आर्ट टेटम असले पालट इतक्या झपाट्याने करायचा, की कान मागे राहतो. डिसेंबर 1953 मध्ये निर्माता नॉर्मन ग्रँझने त्याला पियानोवर एकट्याला बसवलं आणि दोन दिवसांत साठाहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली. त्यांत बरेचदा वर चाल सरळ ऐकू येते आणि खालची जमीन मात्र सतत हलत असते.

आता मंकची ‘चुकलेली’ बोटं. पियानोवर मींड निघत नाही. म्हणून मंक कधी शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो आणि त्यातली एक लगेच सोडतो. सूर घसरत आल्याचा भास होतो. कधी दोन्ही तशाच धरून ठेवतो, तेव्हा सूर खरखरीत लागतो. दोन्ही अगदी ठरवून केलेलं असतं. माझ्या मते चालीशी इतका इमानदार वादक विरळा. ‘मंक्स ड्रीम’मधलं (1963) त्याचं एकट्याचं ‘बॉडी अँड सोल’ लक्ष देऊन ऐका, चाल त्याच्या हातून फारशी दूर जातच नाही.

टेटमच्या झपाट्याचं दुसरं टोक ऐकायचं असेल, तर कीथ जॅरेटचं ‘द मेलडी ॲट नाइट, विथ यू’ (1999) आहे. प्रदीर्घ आजारपणानंतर त्याने ते घरीच वाजवून ध्वनिमुद्रित केलं. त्यात विस्तार बेताचाच. चाल, मोजके कॉर्ड आणि भरपूर अवकाश.

पुन्हा ऐकताना आधी बिली हॉलिडे ऐका, चाल गुणगुणता येईपर्यंत. मग मंक लावा आणि मनात चाल चालू ठेवा. हे गाणं बहुतेक जण काळी एकमध्ये वाजवतात. ब्रिज आला की ते अर्ध्या सुराने चढून पांढरी दोनमध्ये जातं, चार बारनंतर पांढरी एकमध्ये येतं आणि तिथून अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरत मूळ चालीला मिळतं. ही वळणं ग्रीनचीच आहेत, मंकची नव्हेत. ती कानाला ओळखू येऊ लागली की मग टेटम लावा. त्याआधी नको, त्याच्या वेगात मात्रांचा हिशेब राहायचा नाही.