साखरेचे फाटक



शिवारफेरीला गेलो की आम्हांला एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "साहेब, जगात साखर महागली म्हणतात, मग आपल्या उसाचा दर का चढत नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र देशाच्या सीमेपर्यंत जावे लागते.

सन २०२१-२२ च्या हंगामात भारतातून ११० लाख टनांच्या आसपास साखर परदेशी गेली, तीही निर्यात अनुदानाशिवाय. ब्राझीलखालोखाल आपला नंबर लागला. साखर गोदामात पडून राहिली की मालतारण कर्जाचे व्याज चढत जाते आणि ते शेवटी उसाच्या बिलातूनच जाते. साखर हलली की हा भार उतरतो. आलेला पैसा ठिबक, खते, दुकानदाराची उधारी असा गावातच फिरतो.

पण १ जून २०२२ पासून निर्यातीला सरकारी परवानगी लागू लागली. पुढच्या हंगामात कोटा ६० लाख टनांच्या घरात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये पावसाने दडी मारली आणि २०२३-२४ ला निर्यात जवळजवळ बंदच राहिली. नेमका त्याच नोव्हेंबरात कच्च्या साखरेचा जागतिक भाव १२ वर्षांतल्या उच्चांकावर! माल तयार, गिऱ्हाईक तयार, मधे फाटक बंद.

मात्र हेच फाटक आपली राखणही करते, हे विसरू नका बरं का. २०१८ साली जगात साखर मातीमोल झाली होती. तेव्हा फेब्रुवारीत आयात शुल्क ५० टक्क्यांवरून १०० टक्के केले, म्हणून बाहेरची स्वस्त साखर आपल्या बाजारात घुसली नाही.

सणासुदीला साखर कमी पडली तर शहरात ओरड होते, तेव्हा सरकारने साठा राखणे आम्हांला गैर वाटत नाही. तक्रार आहे ती वेळेबद्दल. ब्राझीलचे गाळप एप्रिलात सुरू होते. त्याआधीचे महिने आपल्याला विक्रीला बरे. शिवाय महाराष्ट्राला बंदर जवळ, भाडे कमी. कोटा ऑक्टोबरातच कळला तर कारखान्याला आगाऊ सौदे करता येतात. २०२४-२५ ची १० लाख टनांची परवानगी आली ती २० जानेवारीला. निम्मा हंगाम उरकला होता, आणि ब्राझीलची धुराडी पेटायला जेमतेम अडीच महिने उरले होते.