झबल्याचा गळा

गृहशास्त्राच्या तासाला शिवणकामाच्या नमुन्यांची वही पुरी केली आणि मला शिवण येते, असे मी स्वतःच ठरवून टाकले. धावदोरा, टीप, हेम, काजे असे सारे नमुने वहीत नीट लावलेले होते आणि त्यांना गुणही बरे मिळाले होते. पण वहीतल्या चिंधीला अंग नसते, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ती माझ्या भाच्याने शिकवली.

ताई बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ चार आठवडे आधीच जन्माला आले. वजन भरले 2 किलो 100 ग्रॅम. जन्मतः 2500 ग्रॅमपेक्षा कमी भरणारे मूल कमी वजनाचे समजले जाते. अशा मुलाच्या अंगावर चरबी थोडी असते आणि वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा असतो. त्यामुळे अंगातली ऊब लवकर निघून जाते. त्याला उबेत ठेवणे हे म्हणूनच औषधाइतके महत्त्वाचे. बाजारातून आणलेली झबली त्याच्या अंगावर पोत्यासारखी दिसत. खांद्यावरून घसरत आणि छाती उघडी पडे. तेव्हा मी मोठ्या उत्साहाने म्हटले, “झबलं मी शिवते!”

टेप घेऊन मी बाळाची छाती मोजली. ती 29 सेंटिमीटर भरली. मानेचा अंदाज घेऊन गळा आखला. शिवण पुरी झाल्यावर गळ्याचा घेर 22 सेंटिमीटर झाला. मानेशी तो सुरेख बसला असता, यात शंका नाही. पण झबले मानेपर्यंत पोचलेच नाही. बाळाच्या डोक्याचा घेर 32 सेंटिमीटर होता. बाळ लालबुंद होऊन रडू लागले, ताई घाबरली आणि मी झबले हातात घेऊन तशीच उभी राहिले.

आजी म्हणाली, “अगं, तान्ह्याचं डोकं छातीहून मोठं असतं. गळा मानेचा नाही, डोक्याचा बघायचा.”

पुढे पुस्तकात पाहिले तेव्हा आजीचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. पूर्ण दिवसांच्या मुलाच्या डोक्याचा घेर जन्मतः सुमारे 33 ते 35 सेंटिमीटर असतो आणि छाती त्याहून साधारण 2 सेंटिमीटर कमी भरते. वर्षाच्या सुमारास दोन्ही मापे सारखी होतात व पुढे छाती डोक्याच्या वर जाते. मोठ्या माणसाच्या कपड्याचे प्रमाण लहान करून बाळाचा कपडा होत नाही, तो या कारणाने.

यावर उपाय म्हणजे गळा मोठा न करता झबले उघडे ठेवणे. आजीच्या पद्धतीचे झबले पाठीकडून उघडे असे. पण दवाखान्यातल्या परिचारिकेने ताईला बाळ उराशी, त्वचेला त्वचा लागेल असे धरायला सांगितले होते. आईच्या अंगाची ऊब अशा मुलाला फार मानवते. तेव्हा आम्ही झबले पुढून उघडे ठेवण्याचे ठरवले. आजीने लगेच मान्य केले. “पाठीखाली गाठीही टोचायच्या नाहीत,” ती म्हणाली.

आम्ही शिवलेल्या झबल्याची रीत अशी. कापड आजीच्या जुन्या मऊ सुती लुगड्याचे घेतले. अनेकदा धुतल्याने जुनेराची खळ गेलेली असते, सूत मऊ पडलेले असते आणि ते आणखी आटत नाही. नवे सुती कापड घ्यायचे असल्यास ते आधी रात्रभर भिजवून, वाळवून मगच बेतावे.

22 सेंटिमीटर रुंद व 52 सेंटिमीटर लांब तुकडा घेऊन त्याची चौपदरी घडी घातली. घडी 11 बाय 26 झाली. खांदा घडीवर आल्यामुळे तिथे शिवण येत नाही. छातीच्या 29 सेंटिमीटरवर 11 सेंटिमीटर सैलपणा धरला की 40 होतात. त्याचा चौथा हिस्सा 10 आणि शिवणीसाठी 1. मुंढा 9 सेंटिमीटर खोल व 2 सेंटिमीटर आत कापला. बाही ठेवली नाही. गळा 4 सेंटिमीटर रुंद आखला. चारही पदरांवर आधी फक्त दीड सेंटिमीटर खोली कापली. मग घडी उलगडून पुढच्या भागाचा गळा तेवढा 4 सेंटिमीटरपर्यंत उतरवला आणि पुढचा भाग मधोमध वरपासून खालपर्यंत चिरला.

गळ्याला व मुंढ्याला उरेब पट्टी लावली. उभ्या-आडव्या धाग्यांना तिरपी कापलेली पट्टी ताणली जाते, म्हणून ती गोलाईवर चुण्या न पडता बसते. पुढे दोन जागी आखूड नाड्या लावल्या. एक छातीशी, एक पोटाशी. गळ्याशी नाडी नको आणि लांब नाडी तर कुठेच नको. ती मानेभोवती गुंडाळली जाण्याची भीती असते. बटण तोंडात जाऊ शकते, म्हणून तेही टाळले.

मी सवयीने शिवण आतल्या बाजूला घेऊ लागले, तेव्हा आजीने ती बाहेर घ्यायला लावली. आतली शिवण कोवळ्या कातडीला घासते. शिवाय सुटलेला दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर बोटाचे रक्त अडते, हे मला नंतर कळले. वहीत मात्र शिवण बाहेर दिसली तर गुण कापले जातात!

दुसरे झबले बाळाला न रडवता घालता आले. हात मुंढ्यातून घातले, पुढून दोन गाठी मारल्या आणि झाले. छाती झाकली गेली. टोपडे घालून दुपट्यात गुंडाळल्यावर थंड पडणारी पावले थोड्या वेळाने कोमट लागली, तेव्हा ताईच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला.

दीड महिन्यात ते झबले आखूड झाले. इतक्या कष्टाचे काम इतक्या लवकर निरुपयोगी व्हावे, याचे मला वाईट वाटले. आजी मात्र हसली. “आखूड होण्यासाठीच शिवलं होतं की!” तिने ते धुऊन, घडी करून बाळंतविड्याच्या पेटीत पुढच्या बाळासाठी ठेवले.

आजीला टेप वाचता येत नाही. ती वितीने आणि बोटांनी मोजते. पण कोणत्या जागी काय मोजायचे, हे तिला ठाऊक आहे. मला टेप वाचता येत होती, पण मोजायची जागा मी चुकले होते. म्हणून माझ्या मैत्रिणींना एवढेच सुचवावेसे वाटते. नमुन्यांची वही जरूर पुरी करावी. पण तिच्या शेवटच्या पानासाठी घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या तान्ह्या मुलाचे माप घेऊन खरेखुरे झबले शिवावे. त्याला गुण ते बाळच देईल.